हटली नाई, पन ऐकलं

अमरावती, १२ जानेवारी १९५८

ति. शेषरावदादास, पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. बाबांचा खोकला थांबला, त्यामुळे ते पुन्हा गवंडीकामावर जातात आणि संध्याकाळी घरी येऊन ट्रेनिंग कॉलेजात मी काय शिकायला हवं ते मलाच समजावून सांगतात. माय विचारते, अकोल्याच्या कचेरीत बसून बसून तुझं पोट सुटलं का?

आता मुद्द्याचं. मोर्शीची सोयरीक अडली. देवमन गुरुजींचे आईवडील ते लहान असतानाच पटकीनं गेले आणि आजी जाईबाईंनी त्यांना वाढवलं, हे तुला ठाऊक आहेच. आजींची अट अशी, की नवरीनं लग्नाआधी त्यांच्या घरातल्या मरीआईपुढे दिवा लावून डोकं टेकावं. नाही तर त्या मांडवात पाऊल ठेवणार नाहीत. गुरुजींनी आपल्यासारखीच दीक्षा घेतलेली, पण आजीशिवाय लग्नाला उभं राहणं त्यांच्या जिवावर येतं.

मी नाही म्हणून कळवलं. वर हेही लिहिलं, की दीक्षेनंतर देवीचे टाक घरात राहिलेच कसे? ते नदीत सोडा, मग बोलू. बाबा म्हणाले, जरा गोड लिहायचं असतं. मी म्हटलं, खरं लिहिलं. तू तरी माझ्या बाजूनं दोन शब्द लिही.

तुझी बहीण,
पंचफुला

*

अकोला, १९ जानेवारी १९५८

चि. पंचफुला हिस अनेक आशीर्वाद.

पोट सुटलेलं नाही, कोट आटला आहे. मायला तसं सांग.

तुझ्या बाजूनं मला लिहिता येत नाही. एका दिव्यानं धम्म बुडत नाही, पण तुझ्या एका पत्रानं म्हातारीचं काळीज फाटलं असेल. देवमनसारखा मुलगा तू हातचा घालवशील. दुसरं सांगतो ते कडू लागेल. कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, ही बुद्धाची शिकवण तूच मला वाचून दाखवली होतीस. मग तू काय तपासलंस? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपलं ऐकून घेतलं नाही, त्यांच्यासारखीच तू बोलायला लागलीस.

माझं म्हणशील तर हल्ली मी कशाचीच खात्री धरत नाही. कचेरीत नाना मतांची माणसं भेटतात आणि प्रत्येकाचं थोडं थोडं खरं वाटतं. मन मोकळं ठेवणं म्हणतात ते हेच असावं. ज्याला पक्की खात्री झाली त्याचे कान मिटले म्हणून समज.

रागावशील. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
शेषराव

*

अमरावती, ९ फेब्रुवारी १९५८

ति. दादास, सविनय जयभीम.

रागावले होते. तुझं पत्र फाडायला घेतलं आणि पुन्हा वाचलं. एक गोष्ट तू बरोबर लिहिलीस. टाक नदीत सोडा म्हणताना, ते त्यांनी कशासाठी ठेवलेत हे मी त्या बाईला विचारलंच नव्हतं. पण दुसरी मला पटत नाही. ज्याला कशाचीच खात्री नाही, त्याला ऐकून घेणं सोपं असतं दादा, कारण त्याचं काही पणाला लागलेलं नसतं.

म्हणून मी बाबांना घेऊन मोर्शीला जाऊन आले. लग्नाआधी नवरी सासरी! मायनं कपाळावर हात मारून घेतला.

आजींनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी म्हटलं, मी डोकं टेकायला आले नाही, ऐकायला आले आहे. त्या म्हणाल्या, “मंग ऐक.” आणि बोलत राहिल्या. पटकीच्या साथीत सकाळी मुलगा गेला, दिवस मावळायच्या आत सून गेली. वस्तीत डॉक्टर यायला तयार नव्हता. देवमनलाही लागण झाली, तो रडायचाही थांबला, तेव्हा त्यांनी त्याला मरीआईपुढे ठेवलं आणि बोलून गेल्या, की हा जगला तर याची बायको तुझा दिवा लावील. पोर जगलं. मग माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारलं, “सांग आता, कोनं वाचवलं त्याले?”

दादा, मी खरोखर विचार केला. देवीनं वाचवलं असं मला पटलं असतं, तर मी तिथल्या तिथे दिवा लावला असता. बाबा बाजूला बसले होते, त्यांच्यासमोर लावला असता. मी विचारलं, पोर तिच्यापुढे ठेवल्यावर तुम्ही काय केलंत? म्हणाल्या, काय करणार, उकळलेलं पाणी गार करून मीठसाखर घालून चमच्यानं पाजत होते. तो ओकायचा, मी पुन्हा पाजायचे.

मी म्हटलं, आजी, देवीचं मला पटत नाही, म्हणून तिच्यापुढे मी वाकणार नाही. वाकले तर ते खोटं वाकणं होईल. पण पाणी पाजणारे हात मला दिसतात. त्यांच्यापुढे वाकते. मी पाया पडायला गेले तर त्यांनी पाय झटकन मागे घेतले आणि ओरडल्या, “मले देवी नको बनवू!” टाक नदीत सोडा म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, हेही मी सांगितलं.

 निघताना त्यांनी बाबांच्या पिशवीत संत्री भरली, एवढंच. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते येताना बसमध्ये दोघांनाही कळलं नाही.

तुझी,
पंचफुला

*

मोर्शी, २४ फेब्रुवारी १९५८

डोमाजीभाऊले जाईबाईचा रामराम. तुमच्यात जयभीम म्हनतात, तं तोही घ्या.

हे पत्र देवमन लिहून राहिला, पन बोलनारी मी हाय. तुमची पोरगी आली, दुपारभर बसली. हटली नाई, पन ऐकलं तिनं. माह्या घरी आजवर जे आले, देवीले माननारे असो का न माननारे, ते मले सांगूनच गेले. बाई, तुह्यावर काय बितलं, असं कोनी इचारलं नाई.

अट मी सोडली. मी लग्नाले येईन. देवीलेही पिशवीत घेऊन येईन, तिले घरी एकटं ठेवत नाई. कोनाले पटलं तं पटलं.

जाईबाई

ता. क. एकही शब्द मला बदलू दिलेला नाही. ‘हटली नाई’ हे सांगताना आजी हसली, ते मात्र मी माझ्या मनानं लिहितो. – देवमन

*

अकोला, २ एप्रिल १९५८

चि. सौ. पंचफुला हिस अनेक आशीर्वाद. देवमनरावांस जयभीम.

लग्न होऊन तू मोर्शीला गेलीस, मी परत फायलींत बसलो, पण डोळ्यांपुढून मांडव जात नाही. आपल्या वस्तीच्या समितीचे खुशालराव आजींना दारात अडवत होते, तेव्हा मी हातभर अंतरावर उभा होतो. पिशवीत देवी आहे म्हणे, पिशवी बाहेर ठेवा, तरच आत या. मला खुशालरावांचंही पटत होतं आणि आजींचंही वाईट वाटत होतं. दोन्ही बाजू मी मनात तोलत राहिलो. आजी तर परत फिरल्याही होत्या.

आणि तू नवरीच्या वेशात मंचावरून उठलीस. तुझे शब्द मला पाठ झाले आहेत. म्हणालीस, “काका, प्रतिज्ञा मी घेतल्या आहेत, आजींनी नाही. त्यातली एकही मी मोडणार नाही. पण आजी जशा आहेत तशा आत येतील. तथागतांच्या दारात कोणाची झडती घेतल्याचं मी कुठे वाचलं नाही.”  मग बाबांनी टाळी वाजवली. गवंड्याचे हात ते, भिंत पडल्यासारखा आवाज झाला! मग काय, सगळेच वाजवायला लागले. खुशालराव खाली मान घालून गेले आणि स्वतः खुर्ची उचलून घेऊन आले. आजी पिशवी मांडीवर घेऊन सगळ्यांत पुढे बसल्या.

मी कुठल्याच बाजूला नव्हतो, आणि त्यालाच मोकळं मन म्हणत होतो. खात्री असलेल्या माणसाचे कान मिटतात, हे मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. बाबांना मात्र हे दाखवू नकोस, ते गावभर सांगतील.

तुझा दादा,
शेषराव

*

मोर्शी, ६ मे १९५८

ति. दादास, दोघांचा सविनय जयभीम.

दाखवलं. बाबांनी गावभर सांगितलं.

जूनपासून मला इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं आहे. घरात आजींची देवी कोनाड्यात आहे आणि समोरच्या भिंतीवर आपल्या तथागतांची तसबीर. आजी त्यांचा दिवा लावतात, मी माझी वंदना म्हणते, आणि मीठ जास्त पडलं तर दोघी मिळून गुरुजींना बोलतो. परवा शेजारच्या लीलाबाई सांगायला आल्या, की तुमची नातसून देवीपुढे वाकत नाही. आजी म्हणाल्या, “माही नातसून खोटी वाकत नाई. तुह्या सुना वाकून मागून काय बोलतात, ते मले मालूम हाय.” लीलाबाईंनी चहासुद्धा घेतला नाही.

आता खरी बातमी. बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीची मिरवणूक पहिल्यांदाच भर बाजारातून निघाली. काही होईल अशी सगळ्यांना धास्ती होती. पुरुष मंडळी पुढे कोणी व्हायचं यावर घोळ घालत होती. तेवढ्यात आजी आल्या, पोरांच्या हातातला पंचशील झेंडा घेतला आणि चालू लागल्या. मग कोण मागे राहतं? बाजारात दुकानदार फळ्यांवर उभे राहून पाहत होते. कोणी दगड मारला नाही, कोणी शब्द काढला नाही. संत्र्यांच्या अडत्यानं तर पोरांना पाणी पाजलं. गुरुजींचा घोषणा देऊन देऊन आवाज बसला, आणि मी, दादा, चालता चालता रडत होते आणि हसत होते.

चौकात एकानं मोठ्यानं विचारलं, काय जाईबाई, बौद्ध झाल्या काय? आजी थांबल्या. मागची सगळी मिरवणूक थांबली. त्यांनी झेंडा दुसऱ्या हातात घेतला आणि त्याच्याहून मोठ्यानं ओरडल्या, “पाहून राहिली मी अजून!” आणि चालू लागल्या, सगळ्यांच्या पुढे.

सुटी काढून ये. भांडायला विषय पुष्कळ आहेत, आणि माया आहे तोवर भांडण गोडच.

तुझी,
पंचफुला