पडद्याचे चिमटे

प्रिय नागसेन,

सप्रेम जयभीम.

आईचं पत्र, आणि तेही चक्क कागदावर लिहिलेलं, बघून तू घाबरणार हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, सगळे आपापल्या जागी आहोत. तुझ्या मित्राची, शेखरची सुट्टी संपली, तो शुक्रवारी परत जर्मनीला, तुमच्या तिकडे निघालाय. त्याच्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हे पाकीटही टाकणार आहे. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा. मन थाऱ्यावर नाही बघ. चार ओळी लिहिते, उठते, गॅस बंद केलाय का बघून येते. तो बंदच असतो. तू म्हणशील, एवढं होतं तर फोनवर सांगायचं. पण फोनवर आपण दोघंही धड बोलत नाही, आणि माझं सगळं गाऱ्हाणं तेच आहे.

गणपती झाल्यापासून मी चाकणला कामाला जाते. मामाच्या श्रद्धाच्या बाळाला सांभाळायला जाते असं तुला सांगितलं, ते खोटं. तिलाही तसंच सांगायला लावलं, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस. तिथल्या एका कंपनीने परदेशी पाहुण्यांसाठी फ्लॅट घेतलाय, तिथे स्वयंपाक करते. पिंपरीहून भोसरी, तिथून दुसरी बस, आणि मोशीला ट्रकांच्या मागे अडकलो की अडकलोच. का जाते ते पुढे सांगते. चिडायचं तर चीड, पण वाचून झाल्यावर.

पाहुणा एकच, कोरियाचा इंजिनियर, रोबोट बसवायला आलेला. वय एकतीस. नाव सुंग-जिन, पण कंपनीतल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी त्याचा संजूसाहेब करून टाकला. परदेशी माणूस म्हणून मी आठवडाभर त्याला वरणभात, बिनतिखटाची भाजी असं आजाऱ्याचं जेवण वाढत होते. तो बिचारा दोन्ही हातांनी ताट घ्यायचा, वाकायचा आणि गुपचूप गिळायचा. एक दिवस माझ्या डब्यातला ठेचा त्याला दिसला. त्याने बोटाने चाखला आणि सगळा भाताबरोबर संपवला, डोळ्यांतून पाणी काढत, हसत. मला इतकी लाज वाटली! तुझ्या तिकडच्या घरमालकीणबाई तुला उकडलेले बटाटे वाढतात म्हणून मी त्यांना किती नावं ठेवली होती, आणि मी तरी दुसरं काय केलं?

इथलं सगळंच त्याला नवल. सगळं जग रविवारी घरी असताना आपली कंपनी गुरुवारी सुट्टी का देते, हे आईला समजावून सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ आले. खंडेनवमीला तर कहरच झाला. पोरांनी रोबोटला हार घातला, नारळ फोडला, आणि भैरू म्हणून एक ऑपरेटर आहे, त्याने भक्तिभावाने नेमक्या सेन्सरवर हळदीकुंकू लावलं. मशीन अडून बसलं. संजू कपाळाला हात लावून एक तास ती काच पुसत होता आणि भैरू शेजारी उभा राहून म्हणत होता, "साहेब, रागावू नका राव, वर्षातून एकदाच असतंय." संध्याकाळी स्वारी घरी आली ती गळ्यात झेंडूची माळ घालून. ती माळ त्याने चार दिवस खिडकीला लावून ठेवली होती.

दर गुरुवारी दुपारी तो आईला व्हिडिओ कॉल करायचा. त्याची तयारी बघण्यासारखी असायची. फ्लॅटच्या भिंतीला ओल आलीय, पोपडे पडतात, म्हणून तो तिच्यापुढे पांढरी चादर टांगायचा, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी. मग इस्त्रीचा शर्ट. मलाही एकदा समोर बसवलं. त्याची आई फोनमध्येच मला वाकून नमस्कार करत होती, मी इकडून हात जोडत होते, दोघी थांबेचनात.

ऑक्टोबरात त्याला डेंग्यू झाला. कंपनीने डॉक्टर पाठवला, पण सलाइन लागलं तरी गुरुवार चुकवायला तयार नाही. चादर टांगायला मलाच लावलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली चुरगळलेली हाफ पँट, सलाइनचा हात टेबलाखाली, आणि मी ओला फडका घेऊन फोनला दिसणार नाही अशी बाजूला. दहा मिनिटं हसून बोलला, फोन ठेवला आणि उलटी झाली. आईला काय सांगितलंस असं विचारलं, तर मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं, 'जेवण छान आहे, माझं वजन वाढलंय.' मी त्याला मराठीतून लबाड म्हटलं. समजलं असावं, कारण मान खाली घातली.

त्या आठवड्यापासून रविवारी तुझा फोन आला की मला तुझ्या तोंडाआधी तुझ्या मागचा निळा पडदा दिसायला लागला. वर्ष झालं, तोच पडदा. सुट्टीच्या दिवशी दुपारी अडीचला इस्त्रीचा शर्ट कोण घालतं रे? आणि गेल्या महिन्यात नीट बघितलं, त्या पडद्यालाही वर चिमटे आहेत, दोन पिवळे, एक हिरवा. मागे काय आहे? तू म्हणतोस खोलीत एकटाच राहतो, मग परवा मागे खोकलं कोण? विचारायचं होतं, पण विचारायला तोंड नव्हतं. का, ते सांगते.

आपलाही पडदा आहे, नागसेन. श्रावणात अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. डावा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं. चार दिवस दवाखान्यात होते. मी तुला फोन लावायला घेतला तर उजव्या हाताने माझं मनगट धरून बसले. "पोराला काई कळवू नगंस. पळत यील, अन् तिकडली नोकरी बुडंल त्याची." मी ऐकलं. अप्पांचं काम सुटलं, म्हणून मी चाकणला जायला लागले. तुझ्यापुढे हात पसरायचा नव्हता. दर रविवारी त्यांना खुर्चीत आडवं बसवते, उजवी बाजू फोनकडे, डाव्या हातावर शाल. तू मागे विचारलंस ना, अप्पा सारखे टीव्हीकडेच का बघतात? टीव्ही बंद असतो.

हेही मी गिळून बसले असते. पण संजूचं जे झालं त्यानंतर मला बसवत नाही. या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्याच्या आईला फोन लागला तेव्हा मी त्याच्यापुढे चहा ठेवायला गेले होते. तिने ओठांना लाली लावली होती, केस नीट विंचरलेले. तिच्या मागे फिकट हिरवा पडदा होता, छताच्या पट्टीवर सरकणारा. तो पडदा मी ओळखला. अप्पांच्या कॉटभोवती चार दिवस तसलाच पडदा मी सरकवत होते. दवाखान्याचा पडदा तो. संजूला त्यातलं काही कळलं नाही, तो आपली चादर सरळ करण्यात गुंतला होता. मी त्याला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाटलं, तिचीच इच्छा नाही, मग मी कोण सांगणारी? मी तेच तर घरी करत होते. पुढच्या गुरुवारीही गप्प बसले.

गेल्या सोमवारी त्याच्या बहिणीचा फोन आला. तासाभरात बॅग भरून तो निघाला. घाईत माझ्यापुढे वाकायचं मात्र विसरला नाही. कंपनीची गाडी दाराशी यायला वेळ लागला की ड्रायव्हरला ऐकवायला मी त्याला दोन शब्द शिकवले होते. बुधवारी त्याचा मेसेज आला, तेच दोन शब्द, उशीर झाला. मी ओट्याशी उभी राहून रडले. मी तोंड उघडलं असतं तर त्याला आईजवळ दहा-बारा दिवस मिळाले असते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाच सांगतेय.

डॉक्टर म्हणतात दुसरा झटका कधी येईल, येणारही नाही, काही सांगता येत नाही. अप्पांना न विचारता हे पत्र लिहिलंय, कारण ते विचारून लिहू देणार नाहीत. एकदा येऊन जा. नोकरी सोडून नको, पण मिळेल ती सुट्टी घेऊन ये, त्यांना तू ओळखू येतोस, बोलता येतं, तोवर ये. या रविवारी मी त्यांना फोनसमोर सरळ बसवणार आहे, शाल न घालता, हात टेबलावर ठेवून. तूही ते तीन चिमटे काढ. मागे काय असेल ते असू दे, सहा जण राहत असाल, नोकरी गेली असेल, आजारी असशील, मला बघू दे.

तुझीच,
आई