मी ही गाडी विकणार नाही

आदरणीय खल्फानमामांस,

निझवाहून भाचा हारिब याचा सलाम. तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि सलालाच्या बागेतले नारळ, सगळ्यांची प्रकृती उत्तम असो. आमच्याकडेही सगळे ठणठणीत आहेत. गाडी सोडून.

गाडीबद्दल तुमच्या कानावर जे आलं असेल ते मुबारककडूनच आलं असणार, आणि मुबारक माझा मेहुणा असला तरी सत्याचा तो कोणी लागत नाही. तीन वर्षांपूर्वी मी ही आलिशान गाडी घेतली, तेव्हा तो भर बैठकीत म्हणाला, "दाजी, ही घेणं सोपं, पोसणं कठीण. माझी जुनी जपानी बघा. तेल घाला आणि विसरा." मी उभा राहिलो. (मी उभा राहिलो की लोक कॉफीचे पेले खाली ठेवतात, हे तुम्ही जाणताच.) म्हणालो, सुट्या भागांच्या किमती बघून वाहन निवडणारा समाज उद्या औषधांच्या किमती बघून आई निवडेल! वाहवा झाली. त्या भरात मी शपथ घेतली की जिवंत असेपर्यंत ही गाडी विकणार नाही. (वाहवा झाली की माणसानं खाली बसावं, हे मी वाचलेल्या एवढ्या पुस्तकांपैकी एकातही लिहिलेलं नव्हतं.)

हमी होती तोवर गाडी निरोगी होती. हमी संपली आणि तिला आपले आजार आठवले. तिला स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. रात्रीतून हवा सुटते आणि सकाळी ती अंगणात उंटिणीसारखी बसलेली असते. (उंटीण हाक मारली की उठते तरी.) मस्कतचा कारागीर म्हणाला, एक पिशवी बदलून भागणार नाही, चारही बदला. मग म्हणाला, हवा भरणारा पंपही दमलाय. मग एक लाल दिवा लागला. तो का लागला, एवढं शोधायचेच दीडशे रियाल घेतले आणि निदान झालं की दिवाच बिघडलाय. जबल अख्दरच्या पायथ्याशी चौकीवरचा पोलीस म्हणाला, "काका, वर सोडतो, पण खाली कशी आणाल?" तेवढ्यात मुबारक मागे तीन बकऱ्या घालून शेजारून चढून गेला. त्यानं हॉर्न वाजवला. बकऱ्यांनीही वळून पाहिलं.

तुमची भाचेसून झुवैना म्हणाली, गाडीला नजर लागली. त्यावर मुबारक, तिचाच भाऊ, म्हणतो, "ताई, नजर लागायला ती आधी कुणाला हवीशी वाटायला नको का?" आता तिनं बजावलंय की ईदेपर्यंत गाडी अंगणातून गेली नाही, तर ती मुबारककडे राहायला जाईल. "आणि त्याच्याच गाडीतून जाईन, कारण मला पोचायचंय."

पण मला चीड येते ती लोकांची. पाहुण्यानं वस्तू वाखाणली की "तुमचीच" म्हणून देऊन टाकायची, ही आपली रीत तुम्हाला सांगायला नको. हल्ली मी प्रत्येक पाहुण्याला गाडीला वळसा घालूनच घरात आणतो. एकाच्याही तोंडून शब्द नाही! शेजारचा सुलैम माझा खंजीर वाखाणतो, खजूर वाखाणतो, फाटकं पायपुसणंसुद्धा वाखाणतो. गाडीपाशी आला की आकाशाकडे बघतो. मी म्हटलं, "अरे, आतलं कातडं बघ, काय मऊ!" तर म्हणतो, "हारिब, तुझा आवाज काय खणखणीत आहे रे!"

असल्या भित्र्यांपुढे मी झुकणार नाही. गाडी झुकते, मी नाही.

तुमचा ताठ मानेचा भाचा,
हारिब

ता. क. मामा, ईदेला या ना. विमानानं या. अंगणात चार लोकांसमोर गाडीकडे बघून फक्त "काय देखणी आहे!" एवढं म्हणा, पुढचं मी बघतो. शपथ न विकण्याची आहे, न देण्याची नाही. परतीच्या अर्ध्या वाटेवर हैमाला बंद पडलेल्या गाड्या उचलणारा ट्रक मिळतो. नंबर देईन.

आणखी एक. पत्र टाकायला निघालो, सहज बटण दाबलं आणि मामा, ती उठली! चारही कोपऱ्यांनी! झुवैनाला घेऊन बाजारात आलो. किल्ल्यापाशी दोन परदेशी गाडीकडे बघत उभेच राहिले. आता ती बाजारात पुन्हा बसलीय आणि मुबारक आम्हाला न्यायला निघालाय, पण तो वेगळा विषय. आत गार हवा अजून चालू आहे, आणि झुवैना हलवा खात म्हणते, "बसायला मात्र बरी आहे हो." तेव्हा ईदेला जरूर या. कॉफी वाखाणा, बकरी वाखाणा, सुलैमचं नाक वाखाणा. गाडीबद्दल अवाक्षर काढलंत, तर मी तुमचा भाचा नाही.