हात वर करायला लावू नका

बाई, आपल्या मास्तर लोकांचं जुनं दुखणं तुम्हाला ठाऊकच आहे: वर कुणाला काही सुचलं की ते शाळेच्या डोक्यावर येतं. गेल्या आठवड्यात हिंगोलीला चाळीस शिक्षकांसमोर उभा होतो. लेकरांच्या मनाची काळजी शाळेनं कशी घ्यायची, हे त्यांना शिकवायला. पहिल्याच रांगेतले एक गुरुजी म्हणाले, "याद्या आमी करायच्या, खिचडी आमी बघायची, आता पोरायची डोकी बी आमीच तपासायची व्हय?" सगळे हसले. मी पेटलो. म्हणालो, गणित चुकलेलं पोरगं आपल्याला लगेच सापडतं आणि रडू गिळून बसलेलं वर्षभर सापडत नाही, ही आपली लाज आहे. टाळ्या पडल्या. त्या भरात उपायही देऊन टाकला: परिपाठाला सगळ्या शाळेला विचारा, ज्याला मनातून तकलीफ आहे त्यानं हात वर करावा. चाळीस जणांनी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आखाडा बाळापूरजवळच्या माझ्या शाळेत मीच ते करून पाहिलं. आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. एकटीनं. सगळी शाळा मान वळवून तिच्याकडे पाहते आहे, मागून कुणीतरी म्हणतं, "हिच्या डोक्यात फरक पडला वाटतं," आणि तो हात हळूहळू खाली येतो. मला तो अजून दिसतो. नंतर ती शाळेत येईना. मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, "सर, पोरी तिला 'हातवर' म्हणून चिडवून राहिल्या. ती न्हाई येणार आता."

तेव्हा तुम्ही आठवलात. आई गेली त्या साली मी वर्गात बोलणंच सोडलं होतं. तुम्ही काही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर म्हणालात, "घरी चल. डाळ निवडू लाग मला." तुमच्या स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीचं ताट मध्ये ठेवून आपण दोघं बसायचो. चार दिवस नुसते खडे वेचले. पाचव्या दिवशी मी बोलायला लागलो आणि तुम्ही ताटातून मान वर न काढता नुसतं "व्हय... व्हय" म्हणत राहिलात. पुढे कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं, पेढे घेऊन आलो, तर म्हणालात, "तोंड लई चालतं लेका तुझं. कान कधी चालवशील?" मला राग आला होता.

काल त्या मुलीच्या घरी गेलो. वडील शिंपी. ती आणि तिची आई दारात बसून गणवेशाच्या शर्टांना बटणं लावत होत्या. मी भाषण घोकूनच गेलो होतो. ते गिळलं, एक शर्ट ओढला आणि सुई मागितली. तासभर बटणं लावली. मग ती म्हणाली, "सर, बटण उलटं लावून राहिले तुमी." मी उसवलं. निघताना 'शाळेत कधी येशील?' अगदी ओठांवर आलं होतं. "पुन्हा येतो, शर्ट अजून बाकी आहेत," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "चष्मा आणा मग."

उद्या हिंगोलीला त्याच चाळीस जणांच्या प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा. भाषणाच्या कागदावर मी 'पद्धतीत किरकोळ बदल' असं लिहून ठेवलं होतं. आत्ता ते खोडलं. उभं राहून आधी सांगणार, की चूक माझी आहे आणि तिची किंमत एक मुलगी मोजते आहे. मग एवढंच: मास्तरहो, वहीतलं ते पान फाडा. उद्या शाळा सुटल्यावर, गप्प झालेल्या एका लेकराजवळ हातात काही काम घेऊन अर्धा तास बसा, आणि काही विचारू नका.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकणार कुठे, बाई? वहीतच राहील. एक तेवढं तुम्हाला कधी सांगितलं नाही. वेचलेले खडे मी गुपचूप परत डाळीत टाकायचो. डाळ निवडून झाली असती, तर घरी जावं लागलं असतं.