सातव्या होलवरचा बंकर बुजवण्याबाबत

किलरॅनी, फाइफ
मंगळवार

तीर्थरूप इझोबेल आत्यास,

रोनाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि ओबानचा पाऊस, दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालते. इकडे आईबाबा ठीक आहेत. मीही ठीक आहे, फक्त कानांत अजून वाळू आहे. त्याचीच हकीकत कळवते.

सातव्या होलवरचा उजवीकडचा बंकर, म्हणजे तो वाळूचा खड्डा, ठेवावा की बुजवावा, यावर आपल्या गोल्फ क्लबाने माझ्याकडे अहवाल मागितला. (मैदानांची आखणी शिकलेली गावात मी एकटीच, शिवाय फुकट.) बंकर तोच, 'इझोबेलचा चहा'. नाव घेतल्याबद्दल राग मानू नकोस. तू त्यात इतका वेळ अडकलीस की लोकांनी चहा आत नेऊन दिला, आणि त्या दिवसानंतर तू क्लबाची पायरी चढली नाहीस; पण गावाला त्याचं दुसरं नाव ठाऊक नाही.

मी लिहिलं, की हा खड्डा कुणीच आखलेला नाही. पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून तो मेंढ्यांनी उकरला. पुढे ज्याने होल आखलं, त्याने खड्डा तसाच ठेवून झेंड्याची हिरवळ तिरकी बसवली. डावीकडून जाणारा सुरक्षित राहतो, पण त्याच्या आणि झेंड्याच्या मध्ये उंचवटा येतो. खड्ड्याला खेटून उजवीकडून जाणाऱ्याला वाट मोकळी. मात्र हल्लीचा चेंडू खड्ड्यावरून सहज उडून जातो, सबब त्याचं काम संपलं, बुजवावा. सोबत आकृत्या. (रंगीत.)

क्लबाचे कॅप्टन गिलख्रिस्ट म्हणाले, "पोरी, कागदावर आम्हीही छान खेळतो. मारून दाखव."

शनिवारी अख्खी समिती जमली. मी उजवीकडची वाट धरून मारलं. चेंडू आकृतीबरहुकूम वर गेला, आणि तिथे त्याला पश्चिमेचा वारा भेटला. मेंढ्यांना जे कळलं होतं, ते मी पहिल्या पानावर लिहिलं आणि तिसऱ्या पानावरच्या गणितात धरायला विसरले. चेंडू थेट खड्ड्यात, पुढच्या भिंतीला चिकटून.

तिथून मागे मारून बाहेर यायचं असतं, हे तुला मी काय सांगणार. पण माझ्या हिशेबाने पुढे मारणं शक्य होतं, आणि ते मी बराच वेळ सिद्ध करत राहिले. वरून गिलख्रिस्टबाई ओरडत होत्या, "अगं बाई, मागे मार! मेंढ्यासुद्धा आल्या वाटेनंच बाहेर पडायच्या!" शेवटी कुणीतरी क्लबातून गरम सूप आणि पाव आणला. मी तो आत उभ्यानेच खाल्ला. (सुपात मीठ कमी होतं.) मग मागे मारलं.

मतदान खड्ड्याच्या काठावरच झालं. कॅप्टन म्हणाले, "शिकलेल्यांनाही धरतो की हा! असा गडी कुणी रिटायर करतं का?" खड्डा एकमताने राहिला. एकमतात माझंही मत आहे.

तुझा लोभ आहेच. हे वाचून कमी होऊ नये.

तुझी भाची,
रोना

ता. क. बुजवण्याचं खरं कारण अहवालात नव्हतं. खड्डा गेला की तुझं नाव जाईल आणि तू घरी येशील, एवढाच हिशेब होता. तो वेगळ्या रीतीने जुळला. शनिवारपासून लोक त्याला 'रोनाचं जेवण' म्हणतात.

आणखी ता. क. पुढच्या महिन्यात जोडीचा सामना आहे. दोघींत एकच चेंडू, आळीपाळीने मारायचा. तुला न विचारता तुझं नाव दिलं आहे. खड्ड्यात मी घालेन, मागे तू मार.