वस्त्रगाळ हळद

अण्णा,

तुमच्या पणतीची बेंबी अजून सुकलेली नाही. नाळ अकराव्या दिवशी पडली, आज सव्विसावा. मधोमध मोहरीएवढा लाल दाणा आहे, ओलसर. लेक बाळंतपणाला आमच्याकडे वारज्याला आली आहे. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं: कोरडी ठेवा, लंगोट बेंबीखाली दुमडा, वर काहीही लावू नका. लंगोट मीच दुमडतो, कडेला कड जुळवून. दिवसातून आठदा टॉर्च मारून बघतो. लेक म्हणाली, "बाबा, बेंबी आहे ती. रंधा मारायला घेऊ नका."

तरी सोमवारी दुपारी सगळ्या झोपलेल्या असताना मी हळकुंड कुटलं आणि तुम्ही पॉलिशच्या रंगाची पूड गाळायचात तशी ती हळद मलमलीतून तीनदा गाळली. लावली ती नखाच्या टोकावर मावेल एवढीच. आयुष्यभर सगळं बघून, वाचून, चुकून शिकलो. वाटलं, डॉक्टर सरसकट सांगतात, वस्त्रगाळ हळदीची गोष्ट वेगळी.

मंगळवारी बेंबीच्या कडा लालभडक. सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हळद कुणी लावली? बाळ आहे हे, लोणचं नाही."

मी लंगोटाची कड सारखी करत राहिलो. लेक तिच्या आईकडे वळली, "आई, नको म्हटलं होतं ना?" बायकोनं माझ्या पिवळ्या नखाकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाली, "पुन्हा नाही होणार." बाईंनी बेंबी पुसली, औषध लावलं. दोन दिवसांत लाली उतरली नाही तर ॲडमिट करू म्हणाल्या. आज दुसरा दिवस.

खडकीचं क्वार्टर आठवतंय. तुम्ही कपाटाला चपड्याच्या पॉलिशचा शेवटचा हात देऊन बाहेर गेलायत. मी एकोणीस वर्षांचा. सुकलं का बघायला बोट टेकवतो, आणि दारावर ठसा उमटतो, रेघा मोजता येतील असा. तुम्ही येता. "बोट कुणी लावलं?" मी बोट पाठीमागे नेतो. तुम्ही आईला म्हणता, "काय गं, धीर निघत नाही?" आई पोळ्या लाटत राहते. मग अख्खं दार घासून काढताना, माझ्याकडे न बघता, तुम्ही म्हणता, "सुकणाऱ्या वस्तूला राखण लागते, बोट नाही."

परवापासून लेक तिच्या आईच्या हातात बाळ देत नाही. लंगोट मात्र अजून माझ्याचकडे आहे. सकाळी लाली जरा कमी वाटली; की मलाच तशी हवी होती, कोण जाणे. टॉर्च कपाटात ठेवून दिला आहे, दोनदा उठून कपाटापर्यंत गेलो.

लोकांना सांगतो, मला कुणी काही शिकवलं नाही. तसं नाही. एक गोष्ट तुम्ही शिकवलीत, आणि नेमकी तीच मला आली नाही.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही आता या जगात नाही, मान वळवून आईकडे बघणार नाही. आत मायलेकी एका खोलीत बसल्या आहेत, बोलत नाहीत. सांगायचं ते तिथे सांगायचं आहे. हा कागद इथेच राहू दे. कपाटावरचं बोट माझं होतं, अण्णा. बेंबीवरचंही. चारदा साबण लावला, नख अजून पिवळंच आहे.