मशीनला रिंगा शिकवल्या

५ जानेवारी २००४, सोमवार
मशीन आलं! आमच्या तपासणीच्या टेबलासमोरच बसवलंय. वर कॅमेरा, बाजूला लोखंडी हात. माझा नवरा आनंद इथेच मेन्टेनन्समध्ये, म्हणून जोडणी त्याच्याकडे. शिकवायचं माझ्याकडे – सोळा वर्षं बेअरिंगच्या रिंगा मीच निरखतेय! साहेब गुजरातीत म्हणाले, "मोहनाबेन, तमे जे जाणो छो ए बधुं एने शिखवाडो." मला येतं ते सगळं त्याला शिकवायचं.

८ जानेवारी
शंभर चांगल्या रिंगा दाखवल्या, शंभर खराब. डोळे चुरचुरतायत.

९ जानेवारी
पापडीच्या शेंगा सोलताना ओवीने विचारलं, "आई, ते ठरवतं कसं?" पाचवीतल्या पोरीला काय सांगणार! म्हटलं, "आधी बघतं. मग मी दाखवलेल्या रिंगांशी ताडून बघतं – चांगल्यांसारखी जास्त दिसते की खराबांसारखी? मग उचलून त्या डब्यात टाकतं. चुकलं तर मी सांगते, पुढच्या वेळी सुधारतं. मध्ये कुणाला विचारत नाही."
"पण चांगली म्हणजे कशी, ते कुणी सांगितलं?"
"मी."
"मग ठरवलं तूच ना?"
मी पुढची शेंग सोलायला घेतली.

१९ जानेवारी
एक तेलकट रिंग आली. मशीन अडलं. फिरवून पुन्हा पाहिली, मग चांगल्यांत टाकली. बरोबर! हे मी शिकवलं नव्हतं. शंका आली की परत बघायचं, हे त्याचं त्याने ठरवलं. मला चक्क कौतुक वाटलं. शेजारच्या स्टुलावरून राजेश्वरीताई हळूच म्हणाली, "आता आपण काय बघायचं गं?"

२७ जानेवारी
आम्ही सहा जणी. दोघीच राहणार म्हणे. आज चरा पडलेली रिंग मुद्दाम चांगली म्हणून दाखवायला घेतली. शिकू दे चुकीचं! हातातच राहिली. कुणाच्या तरी स्कूटरच्या चाकात जाणार ती. ठेवून दिली खराबांत. मला एवढंही जमत नाही.

३० जानेवारी
आनंद जेवला नाही. विचारलं तर – "काही नाही." ओवीने ताट पुढे केलं तरी उठून गेला.

२ फेब्रुवारी
यादी लागली. चार नावं, पहिलं माझं. साहेबांना विचारलं, "हेही मशीननेच ठरवलं का?" म्हणाले, "ना बेन. कोणावाचून चालेल, ते मेन्टेनन्सला लिहून द्यायला सांगितलं होतं."
परत जाऊन यादी पाहिली. अक्षर आनंदचं.