डिझेलच्या घरात हायब्रिड

बाबा, आपल्या घरात डिझेल न पिणारी गाडी आली आहे. तुम्ही असता तर आधी बॉनेट उघडायला लावलं असतं, आत वाकून शोरूमच्या माणसाला "हे काय होय गा?" असं विचारलं असतं आणि त्याचं उत्तर पूर्ण व्हायच्या आतच मान हलवायला सुरुवात केली असती. म्हणून उत्तर मीच देते. ही हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिन आणि सोबत बॅटरीवर चालणारी एक मोटर. कधी हे ओढतं, कधी ती, कधी दोघं मिळून. तिला प्लगला लावून ठेवावं लागत नाही. चालता चालता, ब्रेक दाबताना, ती आपली आपणच चार्ज होते. तुमचा यावर विश्वास बसणार नाही. माझाही पटकन बसला नव्हता, आणि मी तर गाड्यांवरच पोट भरते.

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे हेही सांगायला हवं. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामगारांच्या बसगाड्या, मालाचे टेम्पो, साहेबांच्या कार, हा सगळा विभाग माझ्याकडे आहे. ड्रायव्हर लोक मला मॅडम म्हणतात आणि माझ्यामागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. कोणती गाडी घ्यावी हे विचारायला लोक मला फोन करतात, आणि मी सांगितलेली गाडी घेऊन अजून कोणी मला शिव्या दिलेल्या नाहीत. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनेच सांगते, तुमचीच मुलगी आहे.

पण या वेळी गाडी हवी होती ती आईला भिवापूरला न्यायला. मावशीने आता अंथरूण धरलंय. दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात, आई फोनचा आवाज इतका मोठा ठेवते की गल्लीला मावशीची तब्येत पाठ आहे. पूर्वी आई छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीने जायची. तिलाही डिझेलचंच इंजिन होतं म्हणा, पण ते पुढे, आणि आई खिडकी धरून शेवटच्या डब्यात. ती लाईन मोठी करायला म्हणून बंद केली आणि आईचं जाणंच संपलं. एकदा एसटीने निघाली, तर दिघोरीच्या पुढे ओकून ओकून अर्धमेली झाली, कंडक्टरने उतरवून दिलं. परवा मावशी फोनवर म्हणाली, "येशील तं आताच ये वं. मी तं आता चौघाइच्या खांद्यावरच बाहेर निघीन." आणि दोघी हसल्या. आईने फोन ठेवला आणि बराच वेळ भाजीच निवडत बसली. तेव्हाच मी ठरवलं की हिला न्यायचंच, आणि बसलेल्या अवस्थेत न्यायचं, आडवी नाही.

धाकट्याचं म्हणणं, डिझेलच घे. "ताई, बाबाच्या घरात डिझेलशिवाय गाडी? लोकं काय म्हणतीन?" त्याला गाडीतलं काही कळत नाही, पण भावना भरपूर आहेत. आणि बाबा, डिझेलच्या बाजूने बोलायला माझ्याकडेही कमी नाही. आजचं डिझेल तुमच्या वेळेसारखं खडखडत नाही, काळा धूर सोडत नाही. हायवेला लागलं की असं ओढतं की कोळशाच्या ट्रकला मागे टाकताना विचारसुद्धा करावा लागत नाही. पण आता त्याच्या पोटात धूर गाळायची जाळी असते, आणि गाडी नुसती शहरात, सिग्नल टू सिग्नल फिरवली की ती जाळी चोंदते. मग तिला मोकळी करायला मुद्दाम लांब पळवून आणायची. आमच्या एका साहेबांची गाडी दर थोड्या दिवसांनी ड्रायव्हर रिकामीच वर्धा रोडला हवा खाऊ घालून आणतो. घर ते बाजार, बाजार ते दवाखाना, एवढंच फिरणाऱ्या आईसाठी हे काय कामाचं?

तरी आम्ही आईला डिझेलमध्ये बसवलं. धाकट्याच्या समाधानासाठी म्हणा. शोरूमच्या दारातच, गाडी नुसती उभी थरथरत होती, तेव्हाच आईने पदर नाकाला लावला. मला वास येत नव्हता, धाकट्याला येत नव्हता, शोरूमचा मुलगा तर शपथ घ्यायला तयार होता. सक्करदरा गेलं, आईचा चेहरा उतरला. दिघोरीच्या उड्डाणपुलाआधी म्हणाली, "थांबव." उतरली, दुभाजकाशी उभी राहून लांब लांब श्वास घेतले, आणि ऑटोने घरी गेली. धाकटा हिरमुसला. मला मात्र दुसराच एक दिवस आठवत होता.

तुम्हाला तो दिवस सांगायची गरज नाही, पण मला आठवतो तसा सांगते. हातमाग विकून तुम्ही जुनी डिझेल टॅक्सी घेतली आहे. तांडापेठेतल्या आपल्या गल्लीत सगळे मागवाले हातातलं काम टाकून बाहेर आले आहेत. तुम्ही बॉनेटला हार घातलाय, नारळ फोडलाय, आणि पुढची सीट स्वतःच्या रुमालाने पुसली आहे, आईसाठी. आम्ही दोघं भावंडं मागे. आई नवं लुगडं सावरत पुढे बसते आणि गल्ली टाळ्या वाजवते. उमरेड रोडने एक चक्कर मारून यायचं ठरलेलं असतं. सक्करदऱ्याला आई म्हणते, मला उतरवा, काम आठवलं. कसलं काम, कोणाकडे, काही नाही. ती उतरते आणि सायकलरिक्षा करून परत जाते. तुम्ही चक्कर पूर्ण केलीत. त्या दिवशी जेवताना तुम्ही मान वर केली नाही. आणि नंतर आजोबांना हळूच म्हणालात, "तिले ड्रायव्हरच्या बाजूले बसाची लाज वाटते." मी पाटावर बसून भात कालवत होते. ते वाक्य मी ऐकलं.

त्यानंतर तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत आणि ती कधी बसली नाही. तुमचे कपडेही ती वेगळ्या बादलीत, अंगणात भिजवायची. तेही तुम्ही बघत होतात. पुढची सीट मग माझ्याकडे आली. लग्नाची भाडी, रामटेकचे प्रवासी, सगळीकडे मी. सकाळी इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग चावी फिरवायची, मग इंजिन एका लयीत येईपर्यंत कोणी बोलायचं नाही, हा तुमचा नियम. "गाडी पहिले कानानं चालवाची, मंग हातानं." टॅपेट वाजतोय की बेल्ट, हे तुम्ही मला डोळे मिटायला लावून विचारायचात. शाळेतल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा ते मला जास्त येत होतं.

तर डिझेल बाद. दुसरी पाळी एका ओळखीच्या बाईच्या जुन्या हायब्रिडची. काही वर्षांपूर्वीच्या मॉडेलची ही जात. नावाला हायब्रिड, पण तिची मोटर एकटीने चाक फिरवू शकत नाही, इंजिनाला फक्त मागून हात देते. सिग्नलला इंजिन बंद होतं हे खरं, पण त्याबरोबर एसीचाही जीव जातो आणि नुसता पंखा फिरतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात सिग्नलला एसी गेलेली गाडी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आणि सुरू होताना दर वेळी एक झटका. आई या गाडीत डिझेलपेक्षा लांबपर्यंत टिकली, तक्रार केली नाही, पण उतरल्यावर म्हणाली, "हे गाडी उचक्या देते वं." एवढ्या थोडक्या शब्दांत मी कधी कुठल्या गाडीचा अहवाल लिहिलेला नाही.

मग ही नवी. शोरूमची मुलगी शेजारी, आई मागे. मी ब्रेक दाबला, बटण दाबलं. काहीच नाही. कान लावला. काहीच नाही. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काहीच नाही. तिसऱ्यांदा दाबणार तेवढ्यात ती मुलगी फार अदबीने म्हणाली, "मॅडम, पहिल्याच वेळी चालू झाली होती. दुसऱ्या वेळी तुम्ही बंद केली." बाबा, इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतकी ओशाळले नव्हते. तुमच्या हाताखाली शिकलेलं माणूसच अशी चूक करणार. ज्याने कधी इंजिनाचं ऐकलंच नाही त्याने समोर लागलेल्या दिव्याकडे बघितलं असतं आणि निघाला असता. मी तुमच्यासारखी आवाजाची वाट बघत बसले.

निघालो. पहिल्या सिग्नलला आई मागून म्हणाली, "काहून वं, बंद पडली का?"

"नाही वं, चालू आहे."

"मले तं काही आवाज येऊन नाही राहिला."

"येतच नाही. बॅटरीवर उभी आहे."

"आणि हे गार हवा कुठून येऊन राहिली मंग?"

मी सांगितलं, हिचा एसीही बॅटरीवर चालतो, इंजिन बंद असलं तरी. आई मग मावशीच्या सुनेबद्दल बोलायला लागली. सक्करदरा आला आणि गेला, ती सुनेबद्दलच बोलत होती. दिघोरी गेलं. पाचगावला तिने आलुबोंडा मागितला आणि खाल्ला. मी आरशातून बघत होते, आणि स्टिअरिंगवरचे माझे हात सैल पडले होते. उणं काही नाही असं नाही. बॅटरीने डिकीतली जागा खाल्ली आहे, आणि मोकळ्या हायवेला जोरात दाबलं तर पेट्रोल इंजिन रडल्यासारखं ओरडतं. तिथे तुमचं डिझेल आजही तिला हरवेल. पण मला हायवेवर शर्यत लावायची नव्हती. मी ती गाडी त्याच दिवशी पक्की केली. धाकट्याला घरी येऊन सांगितलं.

गाडी हातात आल्यावर आम्ही भिवापूरला गेलो. निघताना आई आपणहून पुढचं दार उघडून बसली. मी तिचा पट्टा लावून दिला. उमरेडच्या पुढे ती खिडकीतून बघत होती आणि कुठे काय बदललं ते मला सांगत होती. मावशी खाटेवर, अगदी चिपाड झालेली. आई जवळ गेली तर मावशीने तिचा हात धरला, डोळ्यांतून पाणी, आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

"ओकली नाही?"

"नाही. हे डिझेलची नाही ना."

"पाह्य, मी म्हणत होती ना? तुह्या नवऱ्याले तेव्हाच सांगतलं असतं तं तोही सुखी झाला असता."

मी दारात उभी होते. पाटावर ऐकलेलं तुमचं ते वाक्य मला आठवलं.

परत येताना मी विचारलं. आई समोरच्या रस्त्याकडे बघत बोलली. "पहिल्याच दिवशी सक्करदऱ्याले पोटात ढवळलं. म्हटलं, नव्या गाडीत ओकली तं कसं दिसन? म्हणून उतरली. घरी येऊन सांगणार होती. पण मंग इचार केला. मले तंबाखूचा वास सोसत नाही म्हटलं, तं त्यायनं डबी नालीत फेकली, पुन्हा हात लावला नाही. डिझेलचा सोसत नाही म्हटलं असतं तं गाडी इकली असती. माग तं आधीच इकला होता. तुमी दोघं खाल्लं काय असतं?"

"पण आई, त्यांना वाटायचं तुला लाज वाटते."

"मले माहीत होतं. वाटू देल्लं. बायकोले लाज वाटते म्हणून कोणी गाडी इकत नाही. बायकोले तरास होते म्हटलं, तं त्यायनं एक दिवस ठेवली नसती."

मग ती गप्प झाली. गाडी तर आधीच गप्प होती. मला त्या शांततेचा राग आला, बाबा. तुमची खडखडणारी टॅक्सी असती तर निदान रडता आलं असतं.

तर सांगायचं होतं ते हे. तिला तुमची लाज कधीच वाटली नाही. तुमच्या कपड्यांचा वास तिला मळमळवायचा आणि तरी ती ते रोज हाताने घासायची. तुम्ही एक चुकीचा समज छातीशी धरून गेलात आणि तो तिने जाणूनबुजून राहू दिला, तुमची गाडी वाचवायला. मला हे कळल्यापासून तुमच्यासाठी फार वाईट वाटतं.

पण मी गाडीतली बाई आहे, गणित सरळ मांडते. तुम्हाला खरं कळलं असतं तर ती टॅक्सी गेली असती. तुम्ही कुठल्यातरी दुकानात कामाला लागला असतात आणि मी तुमच्या शेजारी त्या पुढच्या सीटवर कधी बसले नसते. कान नाही, हात नाही, बुटीबोरी नाही. आज ज्या गोष्टीवर मी छाती काढून चालते, ती सगळी तुमच्या त्या दुःखातून मला मिळाली. म्हणून तुम्हाला कळलं नाही याचं मला पुरतं वाईट वाटत नाही. हे आईला कधी सांगणार नाही. आणि तुम्ही जिवंत असता, बाबा, तर तुम्हालाही सांगितलं नसतं. मीही तिच्यासारखीच गप्प बसले असते.